आडवे लावलेले पत्रे

प्रिय ठकू,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच "अगं पण आई" म्हणतेस, मग मी गप्प होते, आणि मग आपण दोघी हवापाण्यावर घसरतो. शिवाय बाबा बाहेरच्या खोलीत बसलेले असतात. टीव्ही चालू, आवाज बंद. आत मी काय बोलतेय ते त्यांना ऐकायचं नसतं, पण ऐकू येतं. म्हणून आज कारखान्यातल्या लॅबचं दार आतून लावून घेतलंय, जेवणाचा डबा बाजूला सारलाय आणि लिहायला बसलेय. दुपारच्या कुरिअरने पाठवते. रविवारच्या आत हे तुझ्या हातात पडायलाच हवं. का, ते शेवटी सांगते. लहानपणी गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायचीस, तसं हे वाचू नकोस.

आधी घरचं. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा बदलला. शेजारच्या आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्यांना आपल्या खिडकीवरची धूळ दिसायला लागलीय आणि ती त्या मला रोज दाखवतात. बाबा बरे आहेत असं मी तुला सारखं सांगत आले. जेवतात, चालतात, पेपर उघडतात, तेवढ्या अर्थाने बरे आहेत. पण पेपरचं पान उलटत नाहीत. अंगावरचे कपडे ढगळ झालेत. परवा त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडून हवं होतं, तर मी तो इथे लॅबमध्ये आणला आणि पंचाने पाडून दिलं. घरी नेऊन दिला तर म्हणाले, "गोल पाडलंस." मी म्हटलं, मग काय चौकोनी पाडू? मी थट्टेत म्हटलं होतं. त्यांचा चेहरा असा उतरला की मी पट्टा त्यांच्या हातात दिला आणि आत निघून गेले.

चौथीत असताना तू वर्गात सांगितलं होतंस की माझी आई पत्र्याला भोकं पाडते, आणि सगळे हसले म्हणून रडत घरी आली होतीस. तेव्हा मी तुला नुसतं जवळ घेतलं, समजावलं काही नाही. आज समजावते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. पत्र्याला भोकं पाडली की तो हलका होतो, त्यातून हवा जाते, पाणी जातं. लोकांना भोकं दिसतात. मला भोकांच्या मधे उरलेलं पोलाद दिसतं, कारण सगळा भार त्या उरलेल्या पोलादालाच वाहायचा असतो. ओढ्याचं पाणी मधल्या गोट्याला वळसा घालून जातं, तसा भार भोकाला वळसा घालून जातो. भोक गोल असेल तर वळसा सोपा. भोकाला कोपरा असेल तर त्या कोपऱ्याशी भाराची चेंगराचेंगरी होते, आणि चीर पडायची झाली की तिथूनच पडते. तू मागे सांगत होतीस ना, दाताची कीड कोरताना आतले कोपरे गोल करून घ्यावे लागतात, नाहीतर पुढे दात तिथूनच फुटतो? मी तेव्हा बाबांना म्हटलं होतं, बघा, लेक माझ्याच धंद्यात पडली.

आता भोक लांबट असेल, फटीसारखं, तर आणखी एक गोष्ट येते. ते कुठल्या दिशेला लांब आहे? नाल्यावर फळ्या टाकायच्या तर आपण या काठापासून त्या काठापर्यंत टाकतो. लांबट भोकांच्या मधल्या पोलादाच्या पट्ट्या म्हणजे त्या फळ्याच. त्या एका तुळईपासून दुसऱ्या तुळईपर्यंत अखंड गेल्या तर पत्रा निमूट भार घेतो. तोच पत्रा काटकोनात फिरवून टाकला तर प्रत्येक भोक या फळ्यांना मधेच कापतं, आणि सगळा भार येतो तो एका भोकाच्या टोकापासून दुसऱ्या भोकाच्या टोकापर्यंतच्या बोटभर जागेवर, थेट कोपऱ्यांवर. पत्रा तोच, भोकं तीच, वजनही तेवढंच. नुसता फिरवलेला.

बाबा सांभाळतात त्या केंद्रातल्या धान्य सुकवायच्या दोन कोठ्या तुला आठवत असतील. तू त्यांना जाडे भाऊ म्हणायचीस. गोल, पत्र्याच्या, दुमजली घराएवढ्या उंच. आत पुरुषभर उंचीवर भोकांच्या पत्र्यांचा मजला, त्यावर ओल्या धान्याचा ढीग, आणि मजल्याखाली नुसती पोकळी. तिच्यात पंखा गरम हवा सोडतो, ती भोकांतून वर धान्यात जाते. भोकांतून बारीक चुरा आणि भुसा खाली गळतो. तो रोज झाडून काढावाच लागतो, राहिला तर गरम हवेने पेट घेतो. म्हणून रोज सकाळी पंखा बंद करून एका माणसाने वाकून त्या छोट्या दारातून आत जायचं आणि डोक्यावर सगळं धान्य घेऊन झाडायचं. हे काम भुसामामाचं. हे नाव त्याला तूच दिलंस, आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी कारकूनसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायचा. तुला सायकल त्यानेच शिकवली, बाबांना सवड नव्हती म्हणून. तो गेला त्या आठवड्यात तू फोनवर रडलीस, आणि मी तुला सांगितलं, अपघात झाला, कोठीत धान्य जास्त भरलं होतं. तेव्हा मला तेवढंच सांगण्यात आलं होतं.

खरी सुरुवात त्याच्या आधीच्या वर्षाची. जुन्या मजल्याची भोकं गोल होती, बारीक, एका ओळीआड एक सरकवलेली. मजबूत मजला, पण दाण्यांचे तुकडे नेमके त्या भोकांत रुतून बसायचे. हवा अडायची, ढिगाच्या पोटातलं धान्य ओलं राहून बुरसायचं. बाबा फार चिडचिडे झाले होते. मग त्यांच्या डोक्यात लांबट भोकांची कल्पना आली. लांब फटीत दाणा अडकत नाही, हवाही जास्त जाते. कल्पना चांगलीच होती, ठकू, हे मी आजही म्हणेन. ते दिवस मला फार आवडले होते. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांचं काम आणि माझं काम एका टेबलावर आलं होतं. जेवताना ते ताटाच्या कडेला बोटाने रेघा ओढून दाखवायचे, मी भात विस्कटून त्यांचं चुकलं कुठे ते दाखवायची. मी म्हटलं, फटीची टोकं गोल करून घ्या. पण तसा पंच आमच्याकडे नव्हता, तो बनवून घ्यायला वेळ लागणार होता, आणि केंद्राचे थोरले मालक थांबायला तयार नव्हते. हाताशी होता तो काटकोनी कोपऱ्यांचा. मग मी म्हटलं, ठीक आहे, तोडून बघू.

तोडून बघितलं. नव्या पत्र्याचे दोन तुकडे घेतले, एकात फटी भाराच्या दिशेने, दुसऱ्यात आडव्या. बाबा मुद्दाम बघायला आले होते, माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभे होते. पहिल्या तुकड्याने लागणार होता त्याच्या कितीतरी पट भार घेतला. दुसरा पहिल्याच्या अर्ध्यावरही पोचला नाही. आधी "टक्" असा आवाज आला, चिमणीने काचेवर चोच मारावी एवढाच, आणि मग एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, तिथून तिसऱ्यात, कापड फाटावं तसा पत्रा फाटत गेला. बाबा म्हणाले, "बाप रे." मी म्हटलं, म्हणून प्रत्येक पत्र्यावर पांढऱ्या रंगाचा ठळक बाण काढून देतेय. बाण एका तुळईकडून दुसऱ्या तुळईकडे गेला पाहिजे. ड्रॉइंगवरही तेच लिहिलं. ते म्हणाले, "आंधळ्यालाही कळेल." जाताना तो फाटलेला तुकडा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करून बघत होते.

दोन्ही कोठ्यांचे मजले बसवायला काढले आणि नेमकी त्या वर्षी कापणी लवकर आली, तीही भिजलेली. फाटकाबाहेर ट्रकांची रांग वळणापर्यंत गेली. ओलं धान्य थांबून राहत नाही, ट्रकमधेच तापायला लागतं, हात घातला तर चटका बसतो. थोरले मालक खुर्ची टाकून तिथेच बसले होते. बाबा त्या दिवसांत घरी नुसते कपडे बदलायला यायचे. मग एका संध्याकाळी आले, अंघोळ केली आणि पलंगावर आडवे झाले. मी विचारलं, झालं सगळं नीट? "झालं," म्हणाले, आणि कुशीवर वळले. धान्य लगेच चढलं होतं, पत्रे त्याखाली गेले होते. बाण आता कुणालाच दिसणार नव्हते.

पुढे त्यांचा चष्मा घरी राहिला म्हणून मी एकदा केंद्रावर गेले होते. भुसामामा पहिल्या कोठीच्या दारातून वाकून बाहेर येत होता, भुवयांपर्यंत पांढरा. मला म्हणाला, "वहिनी, नवा मजला मोठा बोलका निघाला हो. जुना बापडा मुका होता." मी विचारलं, म्हणजे? तर म्हणाला, "मधेच टकटक करतो. मी म्हणतो, आत या, दार उघडंच आहे." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईस्तोवर हसला. मी बाबांना विचारलं. ते कागदांवरून मान वर न करता म्हणाले, "नवा आहे, बसतोय अजून." नवा मजला बसताना आवाज करतो हे खरं आहे, म्हणून मीही सोडून दिलं.

तो दिवस उजाडला तेव्हा पहिली कोठी गळ्यापर्यंत भरलेली होती. सकाळी मी लॅबमध्ये होते. बाबांचा फोन आला, आणि ते नुसतं "मामा खाली होता, मामा खाली होता" एवढंच म्हणत राहिले. मी पोचले तेव्हा लोकांनी कोठीला बाजूने कापून भोक पाडलं होतं आणि तिथून धान्य वाहत होतं. वाहतच होतं. माणसं हातांनी, घमेल्यांनी, पत्र्याच्या तुकड्यांनी उपसत होती. बाबा गुडघ्यावर बसून ओंजळीने उपसत होते. मधल्या भागातले पत्रे एका ओळीत फाटून खाली आले होते आणि त्यावरचं सगळं त्यांच्यामागून. मामाला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या हातातला झाडू तसाच होता. चेहऱ्यावर एक ओरखडाही नव्हता. मामी आली, तिने पदराने त्याच्या भुवया पुसल्या, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आज तरी स्वच्छ दिसू दे." ठकू, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही.

मग जे होतं ते झालं. कारखाना निरीक्षकांच्या कचेरीतून माणसं आली, पहिली कोठी सील झाली. मालकांनी लिहून दिलं की त्या कोठीत प्रमाणाबाहेर भरलं गेलं, आणि पत्राही निकृष्ट असावा. दुसरी कोठी मात्र चालूच राहिली, तीही भरलेली. तिचा मजला त्याच पत्र्यांचा, त्याच आठवड्यात बसवलेला. कामगारांनी तिच्याखाली जायला साफ नकार दिला. त्यांना कोण दोष देणार? आणि भुसा तर साचत होता. तेव्हा बाबांनी झाडू उचलला. साहेब स्वतः खाली जातात, ही बातमी मला भाजीवाल्याकडून कळली. मी घरी आल्यावर भांडले. हे काय चाललंय, कोणाला काय दाखवायचंय? ते म्हणाले, "मजला चांगला आहे. मी गेल्याशिवाय लोकांना पटणार नाही." रोज सकाळी बूट घालून निघायचे आणि मी दारात उभी राहायची. दुपारी फोन करून काहीतरी फुटकळ विचारायची, किल्ली कुठे ठेवलीत, गॅसवाला आला होता का. त्यांचा आवाज ऐकला की ठेवायची. तुझ्याशी बोलताना मधेच "थांब हं" म्हणून मी दुसरा फोन लावायची, तो हाच.

फाटलेले पत्रे तपासायला आमच्याकडेच आले. आमच्याच कारखान्याचा माल, तेव्हा मी बाई म्हटलं, दुसऱ्या लॅबचा माणूस शेजारी बसवा, मगच हात लावते. तसं केलं. पोलाद चोख निघालं, जाडीही बरोबर. मग मी पत्रे पालथे घातले. ठकू, पत्रा तुळईवर भाराने दबून बसला आणि पंख्याच्या थरथरीने घासत राहिला की त्याच्या खालच्या बाजूला एक चकचकीत पट्टा उमटतो. तो पट्टा बाणाला छेद देऊन जायला हवा होता. तो बाणाच्या बरोबरीने, बाणाला समांतर जात होता. एका नाही, प्रत्येक पत्र्यावर. शेजारच्या माणसाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो म्हणाला, "बाई, हे तर आडवे लावलेत." मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं. जेवण झालं होतं, ते पाणी पीत होते. पत्रे कसे लावले होते? "ड्रॉइंगप्रमाणे," ते म्हणाले. पेला तोंडाशी तसाच. मी पुन्हा विचारलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यापासून बारीकसारीक खूप लपवलं असेल, ते काय सगळेच लपवतात, पण माझ्या तोंडावर खोटं ते पहिल्यांदा बोलले. मी ताटं उचलली. मोरीत नळ सोडला आणि तो वाहू दिला.

दुसऱ्या दिवशी मी निरीक्षक कचेरीत गेले आणि दुसऱ्या कोठीबद्दल तक्रार लिहून दिली. स्वतःच्या नावाने. बाबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला थांबवलं नसतं बहुतेक, पण मी थांबले असते. निरीक्षक बाई, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, लगेच निघाली. आम्ही पोचलो तेव्हा पंखा बंद होता आणि ते छोटं दार उघडं होतं. आतून झाडूचा आवाज येत होता. बाई ओरडली, "आत कोण आहे? बाहेर या!" झाडू थांबला नाही. ती पुन्हा ओरडली. मग मी हाक मारली. मी त्यांना चारचौघांत कधी हाक मारत नाही, तुला माहीत आहे. "अहो" म्हणायलाही लाजते. त्या दिवशी मी ओरडले, "ठकूचे बाबा, बाहेर या." झाडू थांबला. मग ते वाकून बाहेर आले, भुवयांपर्यंत पांढरे. त्यांनी मला बघितलं, बाईच्या हातातला कागद बघितला आणि पोत्यांच्या थप्पीवर जाऊन बसले.

कोठी रिकामी करायला दिवस गेला. सगळं उतरल्यावर बाईने मजल्यावर मोठे दिवे लावायला सांगितले आणि आम्ही खालून बघितलं. फटींतून उजेडाच्या असंख्य रेघा खाली येत होत्या, आणि सुरुवातीला काहीच वेगळं दिसेना. मग डोळे सरावले. एका फटीच्या कोपऱ्यापासून पुढच्या फटीच्या कोपऱ्यापर्यंत केसाएवढी बारीक उजेडाची रेघ. तिच्यापुढे आणखी एक. मधल्या भागात तर कोपऱ्याला कोपरा असा सगळा जोडत गेलेला. कुठे फक्त नखाएवढं पोलाद उरलेलं. बाई हळू आवाजात म्हणाली, "कोणीही मोठ्याने बोलू नका." धान्य नव्हतं, काही पडणार नव्हतं, तरी आम्ही सगळे पाय न वाजवता सरकत होतो.

आणि तेव्हा मला खडूच्या खुणा दिसल्या. चीर जिथे संपते तिथे एक छोटी आडवी रेघ. त्याच्या पुढे थोडं सोडून दुसरी. मग तिसरी. आमच्या धंद्यात चीर किती पुढे सरकली ते कळावं म्हणून टोकाशी अशी खूण करतात. मीच कधीतरी घरी बोलता बोलता सांगितलं असेल. प्रत्येक चिरेला अशा खुणा होत्या, एकामागून एक, पुढे पुढे गेलेल्या. बाईने विचारलं, "हे कोणी केलं?" दारातून बाबांचा आवाज आला, "मी." ते कधी उठून आले होते कोण जाणे. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग तुम्ही रोज आत का जात होतात?" बाबा माघारी वळून पोत्यांकडे गेले. मला मात्र उत्तर मिळालं, ठकू. इतके दिवस मला वाटत होतं, ते हट्टाने जातात. मजला चांगला आहे हे दाखवायला जातात. ते त्यासाठी जात नव्हते. मजला कुठवर आलाय ते ते रोज बघत होते, आणि तरी झाडू घेऊन बरोबर त्या मधल्या भागाखाली उभे राहत होते.

घरी आल्यावर ते बूटही न काढता खुर्चीत बसले आणि त्यांनी आपणहून सांगितलं. पत्रे ड्रॉइंगप्रमाणे टाकले तर कोठीच्या गोलाईशी कापावे लागत होते आणि आणखी एक तुळई घालावी लागत होती. फिरवून टाकले तर जसेच्या तसे बसत होते. फाटकाबाहेर ट्रक तापत होते. पत्रे बसवणारा फिटर म्हणाला होता, "साहेब, बाण बघा ना." बाबा म्हणाले होते, "बाणाचं मी बघतो, तू फिरव." एवढंच. एक वाक्य. मग त्यांना वाटलं, हा हंगाम काढू, पुढच्या वर्षी तुळई घालू. पहिली कोठी कोसळली त्या दिवशी त्यांनी सांगून टाकायला हवं होतं, आणि त्यांना ते जमलं नाही, आणि मग प्रत्येक दिवशी ते आणखी जमेनासं झालं. मी त्यांचे बूट काढले. त्या रात्री किती तरी आठवड्यांनी ते गाढ झोपले. मी मात्र त्यांच्या श्वासाकडे लक्ष ठेवून होते.

परवा मालकांचा वकील घरी येऊन गेला. गोड माणूस, बिस्किटं वगैरे घेऊन आला होता. म्हणाला, खुणा म्हणजे साहेबांची नेहमीची देखरेख होती, असं म्हणता येईल. पत्रे फिरवले ते फिटरने, न विचारता. फिटरकडे लेखी काही नाही, शब्दाला शब्द, त्याचं कोण ऐकणार. बाबा ऐकत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. वकील गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, खरं सांगा. नोकरी जाईल, कदाचित तुम्हालाही जावं लागेल काही दिवस, मी येत जाईन भेटायला, पण खरं सांगा. ते बोलले. मालकांबद्दल नाही, तुरुंगाबद्दल नाही. म्हणाले, "ठकूला कळेल." पुन्हा तेच म्हणाले, "मामा कसा गेला ते ठकूला कळेल." आणि ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मी कधी ऐकला नव्हता आणि मला पुन्हा ऐकायचा नाही.

म्हणून हे पत्र. सोमवारी बाबांचा जबाब आहे, तुझ्या शहरातल्या मोठ्या कचेरीत. रविवारच्या गाडीने ते तुझ्याकडे येतील, ऑफिसचं काम आहे म्हणतील, हसतील, तुझ्यासाठी काहीतरी घेऊन येतील. काका त्यांच्याबरोबर बसतोय, त्याचंही तिकडे काम निघालंय असं त्याने सांगितलंय. कामबिम काही नाही, मी त्यांना एकटं सोडणार नाहीये आणि तूही सोडू नकोस. आडवे लावलेले पत्रे मी माझ्या अहवालात लिहिलेच आहेत, ते कोणी पुसू शकत नाही. कोणी फिरवायला लावले, ते मला ठाऊक आहे, आणि त्यांनी सोमवारी फिटरचं नाव घेतलं तर मंगळवारी मी जाऊन खरं सांगेन, हे त्यांना मी तोंडावर सांगितलंय. पण ते माझ्या तोंडून नको, त्यांच्या तोंडून यावं. आणि त्यांना अडवणारी एकच गोष्ट होती, तुला कळेल ही. ती आता उरली नाही. तुला खूप राग येईल, मलाही आहे. तो नंतर काढ, पुरून उरेल एवढा आहे. रविवारी दार उघडशील तेव्हा त्यांना काही बोलू देऊ नकोस. त्यांनी हसून कसलीतरी थाप सुरू करायच्या आत तू बोल. एवढंच म्हण, "बाबा, मला आईने सगळं सांगितलंय. आत या."

तुझ्यावर भिस्त ठेवून बसलेली, तुझीच,
आई